मालोजी अण्णांच्या याद्या

फोन आला तेव्हा मी बेंगळूरला, इंदिरानगरमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. सफाई कामगारांच्या सभेचं पत्रक होतं. मशीनमधून गरम कागद एकामागून एक बाहेर पडत होते आणि मी सवयीने गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते... कड सरळ आली का ते बघायला. ही सवय मूळची माझी नाही, मालोजी अण्णांची. फोनवर अप्पा होते, माझे वडील. "रेणू, अण्णा गेले," एवढंच म्हणाले. त्यांच्या मागे, अण्णांना ठेवलं होतं त्या यशवंतपूरच्या दवाखान्याच्या दारातल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. दुकानदाराने विचारलं, "आणखी काढू का, मॅडम?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, कोण जाणे. त्याने काढायला सुरुवात केली.

त्याला आता पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी त्यांच्यावर काही लिहू शकले नाही, कारण लिहायचं तर एक कबुली द्यावी लागणार होती. ती शेवटी देईन.

मालोजी अण्णा अप्पांचे थोरले भाऊ. अप्पा तरुणपणीच यशवंतपूरच्या घाऊक बाजारात नोकरीला आले आणि बेंगळूरचे झाले. अण्णा गावातच राहिले. गाव बसने अडीच तासांवर, रेशीमकोषांच्या बाजारावर जगणारं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, तेही पुढे कळेल. तिथे मराठी बोलणाऱ्यांची एक गल्ली आहे. किती पिढ्यांपूर्वी आले कुणाला नक्की सांगता येत नाही, पण घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही, असा तिथला रिवाज. बाजाररस्त्यावर अण्णांचा छापखाना होता. एक जुनं, पायाने चालवायचं ट्रेडल, नंतर आलेलं एक ऑफसेट, आणि कोपऱ्यात कटिंग मशीन, ज्याच्या जवळ जायची मला सक्त मनाई. निवडणूक आली की त्या एका खोलीत सकाळी एका उमेदवाराचं पत्रक छापलं जाई आणि दुपारी त्याच्या विरोधकाचं. बिघडलेले कागद अण्णा फेकत नसत. एकसारखे कापायचे, डोक्याला गम लावायचा, की झाली मला सुट्टीत लिहायला वही. एका बाजूला कोरी, मागे हात जोडलेला कुणीतरी उमेदवार. कानडी अक्षरं मी पत्रकांवर शिकले आणि मराठी अक्षरं लग्नपत्रिकांवर. पत्रकंच जास्त असायची. त्याचा परिणाम झाला असावा.

मला ते ‘पुट्टी’ म्हणत. कानडीत छोटीला म्हणतात तसं. मी पंचविशीची झाले, रस्त्यावर घोषणा देऊन दोनदा पोलीस ठाण्यात बसून आले, तरी पुट्टीच.

अण्णांची खरी ख्याती छापखान्याची नव्हती, याद्यांची होती. प्रत्येक निवडणुकीला ते गावाच्या मतदारयादीची झेरॉक्स काढत, एकाच बाजूला छापलेली, आणि प्रत्येक नावापुढे डावीकडच्या समासात पेन्सिलने खूण करत. गोल, फुली, टिंब. गोल म्हणजे आपल्याकडे, फुली म्हणजे तिकडे, टिंब म्हणजे अजून ठरलेलं नाही. विणकरांची ओळ, कोष विकणाऱ्यांचा रस्ता, तळ्यापलीकडची कॉलनी, वरच्या लेआउटमधले, म्हणजे नव्या प्लॉटांवरचे, मास्तर लोक... सगळं गाव त्या समासात होतं. मी लहानपणी विचारायचे, "अण्णा, तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणायचे, "कोण कुणाच्या मयताला आलं नाही, ते बघायचं. बोअरवेल कुणाच्या शेतात पडली, ते बघायचं. झेंड्याकडे बघून काही कळत नाही, पुट्टी. झेंडा लग्नातल्या मांडवासारखा असतो, दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात." मतमोजणी झाली की ते आकडे आणत आणि बूथवार ताडून बघत. क्वचितच चुकत. म्हणून सगळ्या पक्षांचे लोक त्यांच्याकडे चहाला येत, आणि अण्णा सगळ्यांना चहा देत, पण यादी कुणालाच दाखवत नसत. ती कटिंग मशीनच्या वरच्या फळीवर, सुतळीने बांधलेली.

आमच्या गल्लीत मात्र याद्यांची गरजच नव्हती. तिथे एकच खूण. प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी देवीच्या देवळात गल्लीची बैठक व्हायची. कुणाला मत द्यायचं ते ठरायचं, मग पितळी ताटात भंडारा यायचा, आणि प्रत्येक घरातला एक पुरुष पुढे येऊन चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावायचा. "शब्द दिला," एवढंच म्हणायचं. त्या घरातली सगळी मतं त्या चिमटीत आली. ताट धरायचा मान गल्लीच्या यजमानाचा, म्हणजे प्रमुखाचा, आणि गेली कित्येक वर्षं यजमान अण्णाच होते. शाळेतल्या विहिरीजवळच्या खोलीत आमचा बूथ. त्यात गल्लीशिवाय दुसरं कुणी नाही. त्यामुळे मोजणीनंतर कुणी शब्द मोडला का, ते आकड्यात लख्ख दिसायचं. कुणी मोडत नसे.

यावरून माझं आणि अण्णांचं वाजायचं. मी म्हणायचे, ही लोकशाही नाही, ही मेंढरं मोजणं आहे. बायकांना तर मत नाहीच, त्यांचं मत नवऱ्याच्या चिमटीत. अण्णा चिडत नसत, पण ऐकूनही घेत नसत. "आपण किती आहोत, पुट्टी? मूठभर. मूठ वळली तर कुणीतरी विचारतं. नळ कसा आला गल्लीत? गटार कशी झाली? बोटं पसरून उभे राहिलो तर कोण थांबतंय आपल्यासाठी?" मी म्हणायचे, "नळासाठी शपथ घ्यायची?" ते म्हणायचे, "तुझ्या बेंगळूरला टँकर येतो ना? मग तुला नळ कळायचा नाही." या वादात प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी जिंकले. आता तेवढी खात्री नाही. पण शपथ चुकीची होती, हे मी आजही म्हणेन.

मागच्या विधानसभेच्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या एक निवृत्त नर्सबाई अपक्ष उभ्या राहिल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या निवडून येणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर पाहिजे, एवढंच त्या बोलत. मी ठरवलं, या वेळी पत्रक काढायचं. नर्सबाईंच्या प्रचाराचं नाही, भंडाऱ्याच्या शपथेविरुद्ध. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. पहिली ओळ: ‘मत गुप्त असतं.’ त्यासाठी मी गल्लीत बायकांशी बोलत फिरले. बहुतेकींनी चहा दिला आणि विषय बदलला. बोलली ती एकटी सुभद्रक्का. हे तिचं खरं नाव नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरात ती आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. ब्लाउज शिवून दोघींचं चाले. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "माझ्या घरचा भंडारा माझा दीर उचलतो गं. मी कधी हातच लावला नाही त्या ताटाला. मग शब्द माझा कसा?"

मला आठवतंय, ते ऐकून मी अक्षरशः उडाले होते. सबंध पत्रक त्या एका वाक्यात होतं. मी ते जसंच्या तसं घातलं: ‘ब्लाउज शिवून घर चालवणारी एक विधवा म्हणते...’ नाव घातलं नाही. आपण फार जबाबदारीने वागलो, असंच मला वाटलं.

अण्णा हे पत्रक छापणार नाहीत, अशी माझी खात्री होती आणि भांडणाची तयारीही. पण ते चष्मा लावून शांतपणे प्रूफ वाचत बसले. शेवटपर्यंत वाचलं. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काढ."

"का? बोचलं का?"

"पुट्टी, गल्लीत ब्लाउज शिवणारी एकच आहे."

"मी नाव नाही घातलं."

"नाव घालायचं काय राहिलंय?"

मी पेटले. म्हटलं, अण्णा, सेन्सॉर करू नका, छापायचं तर पूर्ण छापा नाहीतर मी बेंगळूरला छापून आणते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... जरा थकून. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत ‘बरं’, "छापतो." आणि छापलं. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं नाव खाली घालावंच लागतं. ते गाळलं असतं तरी गल्लीत कुणी विचारायला गेलं नसतं. अण्णांनी स्वतःचं नाव नेहमीपेक्षा जरा ठळक अक्षरात घातलं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, नेहमीचा टाइप संपला असेल.

पत्रकं मी घरोघर वाटली. बैठकीच्या संध्याकाळी देवळात अण्णांनीच ताट धरलं. घरोघरचे पुरुष आले, चिमटी उचलल्या. सुभद्रक्काच्या दिरानेही, हणमंतरावांनी, दोन घरांच्या दोन चिमटी उचलल्या. एक स्वतःची, एक तिची.

मोजणीच्या दिवशी आमच्या बूथवर नर्सबाईंना एकोणीस मतं निघाली.

एकोणीस ही फार मोठी गोष्ट नव्हे. ठरलेला उमेदवार हजारोंनी निवडून आला. पण गल्लीच्या बूथमध्ये आजवर असं दुसऱ्या चिन्हावर मत निघालेलंच नव्हतं. दुपारपर्यंत गल्लीत दारं आतून लागली. संध्याकाळी कुणीतरी माझं पत्रक सुभद्रक्काच्या दाराला खिळ्याने ठोकलं, त्या ओळीखाली लाल रेघ मारून. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे एकही ब्लाउजपीस आला नाही. शिवायला दिलेले होते ते, अर्धवट कापलेलेसुद्धा, लोक परत घेऊन गेले. लग्नसराई चालू होती, तो हंगाम तिचा वर्षाचा आधार. पंधरा दिवसांनी मुलीच्या ठरत आलेल्या लग्नाच्या घरून निरोप आला, ‘जरा थांबू.’ मी फोन केला तर तिने उचलला, आणि मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मशीनला तेल घालून ठेवलंय गं. रोज एकदा रिकामंच चालवते, गंजू नये म्हणून."

मी त्या दिवशी अण्णांना फोनवर नको नको ते बोलले. तुम्ही यजमान आहात, तुमच्या नाकाखाली हे चाललंय, तुम्ही भित्रे आहात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रविवारी बैठक बोलावलीय," म्हणाले. "ये."

मी आणि अप्पा सकाळच्या बसने गेलो. देवळासमोरच्या फरशीवर पुरुष बसलेले, बायका खांबांमागे. सुभद्रक्का पायरीच्या बाजूला एकटी उभी, पदर घट्ट धरून. मुलीला तिने आणलं नव्हतं. अण्णा आले ते खांद्याला कापडी पिशवी अडकवून. हणमंतराव सुरुवातीपासून उभेच होते. मी दिसल्याबरोबर म्हणाले, "आल्या का पत्रकवाल्या! बाई, तुझं नाव तरी आहे का इथल्या यादीत? तिकडे बेंगळूरला एचएसआरमध्ये एसीत बसायचं आणि इथे घरं फोडायची?"

मी उठणार तेवढ्यात अप्पांनी मनगट धरलं. "बस," म्हणाले. "आज तुझं काम नाही."

"बोल, हणमंता," अण्णा म्हणाले.

"बोलायचं काय? एकोणीस मतं! कुणी शब्द मोडला ते लहान पोरालाही ठाऊक आहे. मी हिच्या घरचा भंडारा उचलला, अण्णा. माझ्या तोंडाला काळं फासलं हिने. देवीची माफी मागायची, नाक घासायचं, नाहीतर गल्लीने संबंध तोडायचा. झालं."

"मी उचलला नव्हता," सुभद्रक्का म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी ‘काय? काय म्हणते?’ विचारलं. तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "मी उचलला नव्हता भंडारा. तुम्ही उचललात, भावजी. मला विचारलंत?"

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, बघा, कबूल करते. कुणी म्हणालं, बाईमाणसाला विचारायचं काय असतं. खांबामागून एक म्हातारी कानडीत काहीतरी करवादली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुम्हीच सांगा! तुमच्या यादीत काय आहे?"

हे वाक्य आलं आणि सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णांच्या याद्यांवर गल्लीचा देवाइतका विश्वास. अण्णांनी पिशवीतून गठ्ठा काढला, सुतळी सोडली, आणि आमच्या बूथची पानं हातात घेऊन ते पायरीवर उभे राहिले. चष्मा लावला. मला वाटलं, संपलं. हे आता तिचं नाव वाचणार.

"एकोणीस आहेत," अण्णा म्हणाले. "सुभद्रेच्या घरात मतं किती? दोन. दोन्ही गेली असं धरू. राहिली सतरा." त्यांनी पानांवरून नजर उचलली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ती सतरा कुणाची, ते इथे लिहिलंय. वाचू?"

  माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. एकाने बायकोकडे पाहिलं, बायकोने खांबाकडे. दोन भाऊ शेजारी बसले होते, ते एकमेकांपासून जरासे सरकले. हणमंतरावांच्या थोरल्या मुलाने कपाळावरचा घाम पुसला आणि ते हणमंतरावांनी पाहिलं.

"हणमंता, वाचू?"

इतका वेळ उभे असलेले हणमंतराव खाली बसले.

"पहिलं नाव माझं आहे," अण्णा म्हणाले. "ताट मी धरलं आणि शब्द मीच मोडला. सुभद्रेचं नाक घासायचं तर आधी माझं. बाकीच्यांची नावं तुम्ही सांगाल तेव्हा वाचेन."

मग ते गाभाऱ्यात गेले, भंडाऱ्याचं पितळी ताट घेऊन आले, आणि फरशीच्या मधोमध ठेवून दिलं. कुणाच्या हातात दिलं नाही. नुसतं ठेवलं. पानं पिशवीत घातली आणि घरी निघून गेले. लोक बराच वेळ त्या ताटाभोवती बसून होते, आणि मग एकेक करून उठून गेले. सुभद्रक्काचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी काकू, अण्णांची बायको, भर बाजाराच्या वेळेला, सगळ्यांना दिसेल असा हातात ब्लाउजपीस घेऊन सुभद्रक्काकडे गेली. त्या आठवड्यात आणखी दोन गेले. दसऱ्यापर्यंत मशीन पूर्वीइतकं नाही, पण चालायला लागलं. मुलीचं लग्न तिथे झालं नाही. दुसरीकडे झालं, उशिराने. हे मी चांगलं म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते. अण्णांचं यजमानपद गेलं. गल्लीतल्या लग्नपत्रिका दुसऱ्या छापखान्यात जाऊ लागल्या. ज्यांच्या पोरांच्या मुंजीपासूनच्या पत्रिका त्यांनी छापल्या, ते रस्त्यात भेटले तर मोबाइल काढून बघत उभे राहत. आणि अण्णांचं मुठीचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. नव्या डांबरी रस्त्याचं काम बाजारापासून सुरू झालं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. आजही तिथेच थांबलेलं आहे. मी गेले की बसमधून उतरून, डांबर संपतं तिथून मातीत पाय ठेवते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की अण्णा छापखान्यातून ओरडतील, "काय पुट्टी, बोटं पसरली ना?" ते कधीच ओरडले नाहीत.

मला एकच प्रश्न खात होता. त्यांनी खरंच नर्सबाईंना मत दिलं होतं की खोटं बोलून सगळं अंगावर घेतलं होतं? दिलं असेल, तर ज्या शपथेसाठी ते माझ्याशी इतकी वर्षं भांडले, ती त्यांनी आतून कधीच सोडली होती. दिलं नसेल, तर माझ्या एका ओळीची किंमत त्यांनी भरली. मी प्रत्येक भेटीत विचारलं. ते विषय बदलायचे, कागदाचा दर्जा किती घसरलाय ते सांगायचे.

शेवटची भेट यशवंतपूरच्या त्या दवाखान्यातच. छातीत पाणी झालं म्हणून अप्पांनी त्यांना बेंगळूरला आणलं होतं. बोलताना धाप लागत होती. बोटांच्या टोकांवरची शाई मात्र इतक्या वर्षांनी निघून गेली होती, आणि त्या स्वच्छ बोटांकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, आता तरी सांगा. दिलंत का मत त्यांना?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "तुझ्या पत्रकाची... पहिली ओळ काय होती?"

"मत गुप्त असतं."

"मग?" म्हणाले, आणि हसले. हसताना खोकला आला. तो थांबल्यावर हळूच म्हणाले, "वरच्या फळीवर गठ्ठा आहे. सगळ्या वर्षांचा. तो तू घेऊन जा. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नको." उघडू नको, असं ते म्हणाले नाहीत.

तेराव्याला गावी पाहुणे जेवत असताना केंपण्णा आला. एका पक्षाचा गावातला माणूस, अण्णांकडे कित्येक वर्षं चहाला येणारा. डोळे पुसले, काकूंना हात जोडले, आणि मग मला बाजूला घेऊन मोडक्या मराठीत म्हणाला, "अक्का, अण्णांच्या त्या याद्या... पुढच्या महिन्यात पंचायतीचं आहे ना. स्वल्प बघून परत देतो. झेरॉक्स काढली तरी चालेल." गठ्ठा तेव्हा माझ्या पायाशी, माझ्या बॅगेत होता. कुठल्या घरात कोण कुणीकडे झुकतं, कुठे नवरा-बायकोची मतं वेगळी, कुठे बाप-लेकाची, सगळ्या गावाची ती कुंडली. ती त्याच्या हाती गेली असती तर पुढच्या निवडणुकीत कुणाच्या दाराला खिळा ठोकायचा, हे कुणाला शोधत बसायला नको होतं. मी म्हटलं, "याद्या अण्णांनी जाळल्या." मी खोटं बोलत नाही, असा माझा फार तोरा आहे. ते मी शांतपणे बोलले. केंपण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "सरी, अक्का," म्हणाला, आणि जेवायला बसला.

आता कबुली.

गठ्ठा एचएसआरच्या माझ्या खोलीत कपाटावर दोन आठवडे होता. मी रोज खालून बघायचे. त्यात कुठेतरी आमच्या बूथचं पान होतं, त्यावर ‘मालोजीराव’ हे नाव, आणि त्याच्या डावीकडे गोल किंवा फुली. मी ते बघणार नव्हते. ज्या मुलीने ‘मत गुप्त असतं’ छापून एका बाईचं घर चव्हाट्यावर आणलं, तिने एवढं तरी पाळायला हवं होतं. गेल्या रविवारी सकाळी मी स्टूलवर चढले, गठ्ठा खाली काढला आणि सुतळी सोडली.

आत याद्या नव्हत्या. वह्या होत्या. अण्णांनी सगळ्या वर्षांच्या याद्या एकसारख्या कापून, डोक्याला गम लावून, कोरी बाजू वर करून माझ्यासाठी वह्या बांधल्या होत्या. लहानपणी बांधायचे तशाच. मी एक पान उलटलं. मागे नावं होती, घर नंबर, वय, सगळं छापलेलं. समास नव्हता. डावीकडची दोन बोटं रुंदीची पट्टी प्रत्येक पानाची कापून टाकलेली. मी वेड्यासारखी पानं उलटत गेले, आमचा बूथ शोधला, ती निवडणूक शोधली. सुभद्रक्काचं खरं नाव सापडलं, हणमंतरावांचं, काकूंचं, आणि त्यांच्या वर अण्णांचं. नाव होतं, आणि नावाच्या डावीकडे कागद संपत होता.

त्यांना माहीत होतं. मी उघडणार हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणून दवाखान्यात यायच्या आधीच, कधीतरी, धाप लागत असताना, त्यांनी एकेक गठ्ठा त्या कटिंग मशीनखाली धरला. आयुष्यभराची सगळी विद्या कापून टाकली. देवळात पानं हातात घेऊन उभे होते तेव्हा समासात खरंच काय होतं, आता कुणालाच कळणार नाही. मलाही नाही.

मी सुभद्रक्काला फोन करून विचारलं, तुझं लिहू का, नाव बदलून, गावाचं नाव न घालता. ती म्हणाली, "आधी मला वाचून दाखव." वाचून दाखवलं. एक वाक्य तिने काढायला लावलं. ते इथे नाही.

हा लेख मी त्यातल्याच एका वहीत लिहिलाय. लिहून झाल्यावर वही मिटली आणि डावीकडच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठे दातरा नाही, कुठे एक धागा वर नाही. कड अगदी सरळ आहे.